नजर कुठे ठेवायची

पहिल्या दिवशी बर्नडीनने मला डोनट तळायला शिकवलं नाही.
म्हणाली, आधी हे शीक:
स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवलीस
की तू नॅपकिनांकडे वळायचं.
डबा भरलेला असला तरी भरायचा.
त्यांचं बोट कुठे थांबतं ते बघायचं नाही,
आणि आपण बघत नाही आहोत
हे त्यांना दिसलं पाहिजे.

क्लीव्हलँड. पहाटेचे साडेपाच.
सरोवरावरचा वारा दार अर्धं उघडतो
आणि आत न येता निघून जातो.
मी नॅपकिन भरते.
अठरा, वीस, पंचवीस, ठळक, हिरवे, ऐटीत,
आणि पार खाली, करड्या बारीक अक्षरांत,
उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं अंग चोरून उभं:
टीप नको.

पूर्वी इथे बरणी होती, काकडीच्या लोणच्याची,
कितीही धुतली तरी व्हिनेगरचा वास न गेलेली.
कुणी नाणं टाकलं तर वाजायची.
नाही टाकलं तर गप्प.
स्क्रीन विचारते.
आणि विचारते तेव्हा मागे रांग असते.

बर्फाचा ट्रक चालवणारा डुवेन वीस दाबतो
आणि दाबल्याचं रांगेला ऐकवतो.
निळ्या कोटातली बाई कोपराचा आडोसा धरते,
गणिताच्या पेपराला आम्ही धरायचो तसा.
कॉलेजातला एक पोरगा सरळ मलाच विचारतो,
'म्हणजे, किती देतात साधारण?'
कोणत्या तोंडाने सांगू?
चिमट्याने उचललं, पिशवीत टाकलं, एवढंच तर केलं,
असं त्याच्या मनात आहे, आणि खोटं नाही ते.
फक्त ते पीठ मळायला
मी तीन वाजता उठले होते.

मिस्टर प्रुइट. एक काळी कॉफी, रोज.
रोज शून्य. न लपवता,
दाराची बेल दाबावी तसं, पूर्ण बोटाने.
'उभ्याने घेतलं त्याला टीप नाही,' म्हणतात,
'बसवलंत, वाढलंत, तर देईन. वडिलांचा नियम.'
जाताना मात्र कोपऱ्यातली बादली उचलून
पायरीवर मीठ टाकून जातात.
बर्नडीन म्हणते, मिठाने घरभाडं भरता येत नाही.
अगदी खरं.
परवा त्याच पायरीवर तिचा पाय सरकला,
आणि मिठावर अडला.
ती काही बोलली नाही. मीही नाही.

गुरुवारी माझी सुट्टी.
रस्त्यापलीकडच्या सूपच्या दुकानात मी गिऱ्हाईक.
काउंटरवर नवा मुलगा, छातीवर नाव टोबायस,
ॲप्रनची घडी अजून मोडलेली नाही.
त्याने स्क्रीन वळवली
आणि कपांची झाकणं रचायला लागला.
रचलेलीच झाकणं.
म्हणजे त्यालाही कुणीतरी शिकवलंय.

खात्यात एकतीस डॉलर, पगार उद्या,
सूप नऊचं.
बोट वीसवर गेलं. अठरावर आलं.
'स्वतः ठरवा' वर जाऊन तिथेच रेंगाळलं,
जसं काही मी कधी काही स्वतः ठरवलंय.
इतका वेळ लागला
की त्याची झाकणं संपली,
आणि त्याला वर बघावं लागलं.
मलाही.

दोघेही कान तापेपर्यंत लाल.
मग तो वळला आणि सगळी झाकणं
पुन्हा खाली काढून ठेवू लागला.

मी काय दाबलं ते सांगणार नाही.
तुम्हीही जरा
तिकडे, नॅपकिनांकडे बघा.

सूप गरम होतं.
मीठ थोडं कमी.